ज्येष्ठमध आणि विषाणू : प्रस्तावना

ज्येष्ठमध विषाणूला मारतं का, या प्रश्नाला 'हो' असं उत्तर देता येतं आणि ते खोटंही नसतं. अडचण एवढीच, की ते उत्तर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींबद्दलचं असतं आणि विचारणारा मात्र स्वतःच्या घशाबद्दल विचारत असतो. ही पुस्तिका या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल आहे. ते अंतर किती, ते कुणी कुठवर कापलं आणि पुढची वाट कुठे अडली, हे जवाहरनगरातल्या वाचकांसमोर नीट मांडावं, एवढाच तिचा हेतू.

जवाहरनगर हे अशा विषयाला बरं गाव आहे. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली. एकाच ओळीतल्या क्वार्टरांमध्ये कुणाकडे ही मुळी मुलेठी म्हणून येते, कुणाकडे अतिमधुरम म्हणून, तर भंडाऱ्या-साकोलीकडच्या घरात ज्येष्ठमध म्हणून. २०२०च्या उन्हाळ्यात हा गोतावळा एकाच काढ्यावर आला होता. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग आणि काळी मिरी एक भाग, एवढंच होतं. ज्येष्ठमध त्यात नव्हतंच. पण सरकारी कृती जशीच्या तशी पाळेल ती आपली आई-मावशी कसली! घशाला बरं म्हणून एक कांडी ठेचून पातेल्यात पडलीच. काही घरांत तर बाकीचं कमी आणि ज्येष्ठमधच जास्त, कारण त्यामुळे मुलं तो काढा मुकाट्याने पीत.

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ही कांडी दिसायला अगदी साधी. पेन्सिलीएवढी जाड, वरून तपकिरी आणि सुरकुतलेली, मोडली की आत पिवळी आणि धागेदार. दाताखाली धरली की आधी लाकूडच लागतं, गोडी मागून येते आणि मग बराच वेळ जात नाही. साखरेची गोडी लगेच येते आणि लगेच विरते. हिचं तसं नाही, कारण हा पदार्थच वेगळा आहे. त्याला ग्लायसिरायझिन म्हणतात. तो साखरेच्या पन्नासेक पट गोड असतो. त्याच्या रेणूचा एक भाग तेलकट, पाच कड्यांचा सांगाडा असलेला, आणि त्याला जोडलेले दोन शर्करा-आम्लाचे तुकडे पाण्यात विरघळणारे. एक टोक तेलाचं आणि एक पाण्याचं असलं की पदार्थ फेसाळतो. ज्येष्ठमधाचं चूर्ण बाटलीत पाणी घालून जोरात हलवावं, वर फेस धरतो. रिठ्याचा फेसही याच कुळातला. हा फेस लक्षात ठेवावा, पुढे विषाणूच्या वेष्टनाची गोष्ट येईल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

हे झाड आपल्याकडचं नव्हे. दुकानात येणारा बहुतेक माल अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया या बाजूंनी येतो. आपल्या झुडपी जंगलात, कुंपणांवर वाढते ती गुंज. तिचीही पानं गोड लागतात, पानठेल्यावर विड्यात पडतात, तोंड आलं तर लोक ती चघळतात. म्हणून गुंजेच्या मुळीलाही काही जण ज्येष्ठमधच म्हणतात आणि त्याच नावाने ती विकलीही जाते. ते दोन्ही एक नव्हे. गुंजेच्या पानातली गोडी वेगळ्या रेणूंची आहे आणि तिच्या लाल-काळ्या बियांत अ‍ॅब्रिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. सोनार वजनाला वापरायचे त्याच या बिया. लहान मुलं असलेल्या घरात त्या खेळायला ठेवू नयेत. विषाणूवरच्या ज्या प्रयोगांची हकिगत पुढे आहे, त्यातला एकही गुंजेवर झालेला नाही.

ज्येष्ठमधाची आपली ओळख मात्र फार जुनी. चरकाने औषधांचे जे गट पाडले, त्यांत ते जीवनीय गटात आहे, वर्ण्य गटात आहे आणि कण्ठ्य म्हणजे घशाला हितकर अशा गटातही आहे. मराठी घरात ते त्याहून आधी भेटतं, बाळगुटीत. सहाणेवर आईच्या दुधात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळताना ज्येष्ठमधाचेही वेढे दिले जातात, आणि कशाचे किती वेढे हे घरातली जाणती बाई ठरवते. वेखंडाचा अर्धा वेढा, ज्येष्ठमधाचे दोन. मला या वेढ्यांचं फार कौतुक वाटतं. औषध कोणतं, याइतकंच ते किती, हे त्या सहाणेवर रोज ठरत होतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या नुसख्यांतून नेमकं तेच गळून पडलं.

चरकाच्या काळी विषाणू ही कल्पना नव्हती, असू शकत नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तंबाखूच्या पानांवरच्या रोगाच्या अभ्यासातून आली. त्यामुळे 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं' असं म्हणण्याचा मोह इथे आवरावा. त्यांना घसा माहीत होता, खोकला माहीत होता, आणि ही मुळी घशाला आराम देते हे माहीत होतं. तेवढंही पुष्कळ आहे.

विषाणूचा प्रयोग झाला १९७९ साली, तोही इटलीत. सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी विद्यापीठात राफाएलो पोम्पेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींतले पदार्थ तपासताना ग्लायसिरायझिक आम्ल वेगवेगळ्या विषाणूंवर टाकून पाहिलं आणि निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापले. देवीच्या लशीत वापरतात तो व्हॅक्सिनिया, तोंडावर फोड आणणारा हर्पिस, कोंबड्यांच्या मानमोडीचा म्हणजे न्यूकॅसल रोगाचा विषाणू आणि जनावरांच्या तोंडात फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस, या चारही विषाणूंची वाढ थांबली. पेशींना मात्र इजा झाली नाही. हर्पिसचे कण तर कायमचे निकामी झाले. पोलिओवर काहीच परिणाम झाला नाही. हे अपयश त्या यशाइतकंच बोलकं आहे. ज्या चारांवर परिणाम झाला, त्या सगळ्यांभोवती तेलकट वेष्टन असतं आणि पोलिओच्या विषाणूला ते नसतं. वर सांगितलेला फेस आठवावा. तेल आणि पाणी दोन्ही धरणारा रेणू अशा वेष्टनाशी काहीतरी लुडबुड करत असणार, असा संशय येणं साहजिक होतं. पुढच्या संशोधनात याशिवाय इतरही वाटा निघाल्या. हा रेणू पेशीचं आवरण घट्ट करून विषाणूला आत शिरू देत नाही, विषाणूच्या एखाद्या विकराला जाऊन चिकटतो, अशा अनेक. एकच एक कुलूप आणि एकच किल्ली असं इथे नाही आणि म्हणूनच नेमकं काय होतं हे सांगणं अवघड जातं.

त्या यादीतलं व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हे नाव इकडच्या वाचकाने जरा थांबून वाचावं. त्याचा एक भाऊबंद आपल्या शेजारचा आहे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी रुग्णांचं रक्त नेऊन तपासलं, तेव्हा त्यात एक नवाच विषाणू सापडला. ज्या वस्तीतून तो मिळाला तिचं नाव त्याला मिळालं, चांदीपुरा. बरीच वर्षं तो निरुपद्रवी समजला गेला. मग २००३मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यांतली १८३ मुलं दगावली आणि त्या साथीमागे हाच विषाणू निघाला. २००७मध्ये तो नागपूर विभागातल्या मुलांत पुन्हा दिसला. बारीक वाळूमाशी चावून तो पसरतो. मूल सकाळी खेळत असतं आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध असतं. त्यावर आजही खास औषध नाही. ताप उतरवणं, झटके थांबवणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

धानपट्ट्याचा दुसरा शत्रू म्हणजे जपानी मेंदूज्वर. बांध्यांत साचलेल्या पाण्यावर वाढणारे डास तो पसरवतात. त्यावर ज्येष्ठमधाचा प्रयोग झाला तो आपल्याच राज्यात. व्हायरस रिसर्च सेंटरचीच पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. तिथल्या ललिता बदाम यांनी नव्वदच्या दशकात भारतात मिळणाऱ्या ज्येष्ठमधातून ग्लायसिरायझिन वेगळं काढून ते आरएनए आणि डीएनए, अशा दोन्ही जातींच्या विषाणूंवर तपासलं. १९९७मध्ये त्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात देशी ग्लायसिरायझिन, ज्येष्ठमध आणि परदेशी कंपनीचं तयार शुद्ध रसायन अशा तिन्हींची पारख होती. बशीत विषाणू रोखला गेला. हे काम फार थोड्यांना माहीत आहे. कोविडच्या काळात ज्येष्ठमधावर इतकं बोललं गेलं, पण पुण्यात नव्वदच्या दशकात झालेल्या या कामाचा उल्लेख मला मराठीत क्वचितच दिसला. परदेशातला प्रयोग तेवढा आपण पाठ करतो.

तो परदेशातला गाजलेला प्रयोग २००३चा, सार्सच्या साथीतला. फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूवर यिंद्रिख चिनाट्ल आणि सहकाऱ्यांनी पाच पदार्थ तपासले आणि 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की त्यांत ग्लायसिरायझिन सर्वांत सरस ठरलं. त्या वेळी सगळीकडे दिलं जाणारं रिबाव्हिरिन तिथे फिकं पडलं. मग कोविड आल्यावर जर्मनीतल्या एसेनला आणि आपल्याकडे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नव्या विषाणूवरही असेच प्रयोग झाले. २०२१मध्ये दोन्हीकडून तो रोखला गेल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि ज्येष्ठमधाचे भाव चढले.

आता वेढे मोजू. फ्रँकफर्टच्या प्रयोगात विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला लिटरमागे ३०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन लागलं होतं. पूर्ण थांबवायला त्याच्या कितीतरी पट. माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो सुमारे तीन लिटर. म्हणजे निदान ९०० मिलिग्रॅम औषध एकाच वेळी थेट रक्तात हवं आणि ते तिथे टिकून राहायला हवं. जपानमध्ये ग्लायसिरायझिनचं इंजेक्शन गेली कित्येक दशकं शिरेतून दिलं जातं. त्याच्या वीस मिलिलिटरच्या एका कुपीत ते ४० मिलिग्रॅम असतं. पाच कुप्या एकदम दिल्या तरी २०० मिलिग्रॅमच. थेट शिरेत टोचूनही बशीतल्या निम्म्या यशाचं प्रमाण गाठता येत नाही, मग पेल्यातल्या काढ्याने ते कसं गाठायचं?

तोंडावाटे घेतलेल्याची तर आणखी वेगळी कथा. आतड्यातले जिवाणू ग्लायसिरायझिनचे ते दोन शर्करा-आम्लाचे तुकडे तोडून टाकतात आणि रक्तात जातो तो उरलेला तेलकट सांगाडा. त्याला ग्लायसिरेटिनिक आम्ल म्हणतात. म्हणजे बशीत जो पदार्थ तपासला तो आणि काढा प्यायल्यावर रक्तात सापडतो तो, हे दोन वेगळे. जवाहरनगरात ही गोष्ट एका ओळखीच्या उदाहरणाने सांगता येईल. स्फोटकांच्या धंद्यात नायट्रोग्लिसरीन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेच नायट्रोग्लिसरीन लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने १८७९मध्ये छातीच्या कळेवरचं औषध म्हणून नावारूपाला आणलं. ती गोळी जिभेखाली का ठेवतात? गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग वाटेतच मोडून टाकतं, हृदयापर्यंत काही पोचतच नाही. पदार्थ तोच, पण वाट चुकली की औषध नाही. आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी खुद्द आल्फ्रेड नोबेलला हेच औषध लिहून दिलं, तेव्हा त्याला या योगायोगाची मोठी गंमत वाटली होती.

मग जपानी डॉक्टर ते इंजेक्शन देतात तरी कशाला? यकृताच्या जुनाट काविळीवर. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांचा तिथला एक दीर्घ अभ्यास १९९७मध्ये छापून आला. हे औषध घेणाऱ्यांमध्ये पंधरा वर्षांत यकृताचा कर्करोग १२ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांमध्ये २५ टक्क्यांना. हा अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. औषध घेऊनही विषाणू रक्तातून गेला नाही. यकृताची जळजळ तेवढी कमी झाली.

या पुस्तिकेचं म्हणणं इथेच आहे. या रेणूला आपण विषाणूचा मारेकरी म्हणून मिरवत आलो, पण त्याचं खरं कसब बहुधा दुसरं आहे. विषाणूजन्य आजारात पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच भडका जास्त नुकसान करतो. पेशी मरताना एचएमजीबी१ नावाचं प्रथिन बाहेर टाकतात आणि त्यातून धोक्याचा इशारा सगळीकडे पसरतो. ग्लायसिरायझिन त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि इशारा दबतो. मानेसरच्या प्रयोगाचं मूळ लक्ष्यही हेच प्रथिन होतं. भडका आवरणारं औषध म्हणून याच्याकडे पाहिलं, तर जपानचा अनुभवही जुळतो आणि आपल्या घरातलाही.

घशाबद्दल एक स्वच्छ पुरावा आहे आणि तो भारतातला आहे. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००९मध्ये दाखवलं, की भूल देण्यापूर्वी पाच मिनिटं अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध ३० मिलिलिटर पाण्यात घालून गुळण्या केल्या तर ते दुखणं बरंच कमी होतं. पुढे व्हिएन्नाला जास्त रुग्णांवर हेच पडताळलं गेलं. इथे विषाणूचा संबंध नाही. पण औषध जिथे हवं तिथे थेट लागलं, आतड्यातून जावं लागलं नाही, मात्रा ठरलेली आणि प्रयोग नीट बेतलेला. चरकाचं 'कण्ठ्य' हे विशेषण या कसोटीला उतरलं, असं बिनधास्त म्हणावं.

आता दुसरी बाजू. काढा निरुपद्रवी, झाडपाल्याचा अपाय नाही, हे वाक्य ज्येष्ठमधाला लागू नाही. चाळीसच्या दशकात रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं, की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरातले व्रण भरतात, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज चढते. कारण पुढे कळलं. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. मूत्रपिंडात त्याने मिठाचा हिशेब बिघडवू नये म्हणून एक विकर त्याला तिथल्या तिथे निष्प्रभ करत असतं. ग्लायसिरेटिनिक आम्ल, म्हणजे आतड्यात तयार होणारा तोच सांगाडा, त्या विकराला बंद पाडतो. मग मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं, रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचा ताल बिघडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज दीड पाकीट काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या खात होता. तो एके दिवशी कोसळला आणि गेला. २०२०मध्ये त्याची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापली गेली. विषाणू मारायला हवी तेवढी मात्रा पोटातून पोचत नाही, पण रक्तदाब चढवायला लागते तेवढी अगदी सहज पोचते. हा या मुळीचा सगळ्यांत अवघड पेच.

युरोपातल्या तज्ज्ञ समितीने नेहमीच्या वापरासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनची मर्यादा घातली आहे. मुळीत ते चार टक्के धरलं तर ही मर्यादा अडीच ग्रॅम चूर्णातच संपते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. वैद्य देतात ती मात्राही साधारण याच आसपास, पण ती काही दिवसांसाठी आणि माणूस बघून. २०२०मध्ये घरोघरी चालला तो काढा महिनोन्‌महिने, दिवसातून दोनदा, आणि तोही ज्यांना आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत अशा घरच्या वडीलधाऱ्यांना आग्रहाने पाजलेला. गरोदर बायकांनी तर यापासून दूरच राहावं. फिनलंडमध्ये गरोदरपणी ज्येष्ठमधाच्या गोळ्या फार खाणाऱ्या आयांच्या मुलांचा पुढे कित्येक वर्षं अभ्यास झाला आणि त्यातून निघालेलं चित्र चांगलं नव्हतं.

मग काय करावं? प्रयोग करावा. ७ मे २०२० रोजी केंद्र सरकारने आयुष आणि सीएसआयआरच्या चाचण्या जाहीर केल्या तेव्हा अश्वगंधा, गुळवेल-पिंपळी आणि आयुष-६४ यांच्या जोडीला यष्टिमधूचं, म्हणजे ज्येष्ठमधाचंच, नाव होतं. त्या कामाच्या कृती दलाचे अध्यक्ष होते पुण्याचे भूषण पटवर्धन. आयुष-६४ची चाचणी लखनौ आणि मुंबईसोबत आपल्या जवळच्या वर्ध्यातही झाली, म्हणजे विदर्भात असं काम होऊच शकत नाही असं नाही. मुंबईत केईएममध्ये शरदिनी डहाणूकरांनी गुळवेलीवर जे केलं, त्याचा धडा हाच होता. वनस्पतीवर श्रद्धाही ठेवू नये आणि तिला हसूही नये, तिला वॉर्डात आणावं. ज्येष्ठमधासाठी दोन वाटा उघड्या दिसतात. एक, रसायनशास्त्रज्ञांची. या रेणूला वेगवेगळे तुकडे जोडून तो अधिक प्रभावी करण्याची. फ्रँकफर्टच्याच गटाने पुढे सत्तरपट प्रभावी रूपं बनवली, पण ती पेशींनाही जास्त विषारी निघाली, तेव्हा ती वाट लांबची. दुसरी वाट जवळची : घसा, तोंड, त्वचा, जिथे औषध थेट लावता येतं. सर्दी-पडशाच्या दिवसांत मोजून-मापून केलेल्या गुळण्यांनी आजाराचे दिवस कमी होतात का, एवढा साधा प्रश्न एखाद्या जिल्हा रुग्णालयालाही हाती घेता येईल.

पुस्तिकेत आधी मुळीची ओळख आणि भेसळ, मग विषाणू कसा वाढतो, मग प्रयोगांची सविस्तर हकिगत आणि शेवटी मात्रा आणि अपाय, असा क्रम ठेवला आहे. रसायनाची चित्रं मधल्या प्रकरणांत आहेत, ज्यांना ती नकोत त्यांनी ती पानं उलटून पुढे जावं, काही बिघडत नाही. ज्यांना रक्तदाबाची, हृदयाची किंवा लघवी साफ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी मात्र शेवटचं प्रकरण आधी वाचावं आणि घरात काढा चालू असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा.